न फुगलेली भाकरी

माझी सून घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. जळकोटात आधी हे कुणाला खरं वाटायचं न्हाय. नोकरी म्हणजे सकाळी एसटी पकडायची आणि दिवस मावळताना दमून यायचं, असं आमच्या डोक्यात बसलेलं. ही मधल्या खोलीचं दार ओढून घेते, कानाला ते यंत्र लावते आणि बोलत राहते. मी बाहेर शेंगा फोडत बसलेली असते. दार पातळ आणि माझे कान अजून शाबूत, त्यामुळं तिचं निम्मं ऑफिस मलाही तोंडपाठ झालंय.

रोज सकाळी त्यांची एक छोटी बैठक असते. तिला स्टँडअप म्हणतात, कारण ती उभ्या उभ्या उरकायची असते. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, आणि कुठं अडलंय. मला नवल वाटायचं ते तिसऱ्या गोष्टीचं. एखादा पोरगा सरळ सांगायचा, "माझं कालपासून अडलंय," आणि त्याला कुणी ओरडायचं न्हाय. आमच्याकडं अडलेलं काम माणूस झाकून ठेवतो, पार नासेपर्यंत.

एकदा चहा देताना मी तिला विचारलं, "तू त्यांची साहेबीण हाईस का गं?"

"न्हाय आत्या. मी स्क्रम मास्टर."

"मग एखाद्याला दम दे की. सगळ्यांशी नुसती गोडच बोलतीस."

ती हसली. "दम द्यायचा न्हाय, तेच तर काम हाय माझं. आमच्यात तीन तऱ्हेची माणसं असतात बघा. एक प्रॉडक्ट ओनर. तो गिऱ्हाइकाच्या वतीनं बोलतो. काय करायचं, कशासाठी करायचं, आधी काय आन् मागनं काय, ते त्यानं ठरवायचं. दुसरे डेव्हलपर, म्हंजे प्रत्यक्ष करणारी माणसं. कसं करायचं आणि पंधरवड्यात किती होईल, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. तिथं ओनरनं बोलायचं न्हाय. आणि तिसरी मी. कुणाचं अडलं तर मोकळं करून द्यायचं, कुणी गप बसलं तर त्याला बोलतं करायचं, आणि एकानं दुसऱ्याच्या कामात हात घातला तर तो हात हळूच बाहेर काढायचा."

"आणि ह्या समद्यांवर कोण?"

"समद्यांवर कुणीच न्हाय."

हे मला काही पचलं न्हाय. बिनमालकाची अशी एकच गोष्ट मला माहीत होती, ती म्हणजे रस्त्यावरचा खड्डा.

पण त्याच दिवसांत आमच्या गटावर वेळ आली, म्हणून ही गोष्ट लिहायला घेतली.

आमचा बायकांचा बचत गट. आठ-दहा जणी. कडक भाकरी करतो. म्हणजे ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, आणि मग मंद आचेवर पापडासारखी कुरकुरीत होईस्तोवर वाळवायची. बरेच दिवस टिकते. प्रवासाला, रानात न्यायला बरी पडते. ग्रामपंचायतीची एक जुनी खोली आम्हाला वापरायला मिळालेली. बाहेरच्या माणसाला ती चार भिंतींची खोली दिसेल, पण आमच्यातल्या कितीतरी जणींना आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा मिळाली होती, जिथं "पाणी दे", "टॉवेल कुठंय" म्हणत कुणी येत न्हाय. भाकरी थापता थापता तिथं जेवढं हसलो, तेवढं घरी हसलो असतो तर लोकांनी डॉक्टरकडं नेलं असतं.

तर ती खोली जायची वेळ आली. गावातल्या पोरांना व्यायामशाळा पाहिजे होती आणि सरपंचांचा जीव त्यांच्याकडं ओढत होता. ते एक दिवस दारात येऊन म्हणाले, "काकू, तुमचा माल तर कुठं दिसत न्हाय. निम्मा वेळ खोली बंदच. कोजागिरीपर्यंत बघतो. धंदा चाललेला दिसला तर खोली तुमची. न्हायतर पोरांना देऊन टाकतो."

खोटं बोलत नव्हते ते. माल खपत नव्हता, आणि त्याचं कारणही साधं होतं. आमच्यात सगळ्याच जणी सगळंच करायच्या. पीठ कुणी आणायचं ठरलेलं न्हाय, म्हणून कधी दोन पोती यायची, कधी एकही न्हाय. एक थापायला बसली की दुसरी तिच्या मागं उभी राहून सांगायची, "जरा पातळ कर." माझी थोरली जाऊ तर सगळ्यांच्या मागं उभी. आणि मी त्या थोरल्या जावेच्या मागं.

एकच आशा होती. नळदुर्गच्या अलीकडं हायवेवर एक ढाबा आहे. त्याच्या मालकाची आई आणि मी एका गावच्या, म्हणून तो मला मावशी म्हणतो. तो म्हणाला, "मावशी, काउंटरच्या बाजूला एक रॅक देतो तुम्हाला. ट्रकवाले हैदराबादपर्यंत जातात, वाटेत खायला कायतरी घेतातच. पण माल असा द्या की माणसानं परत मागितला पाहिजे. एकदा नाव गेलं की मी पण काय करू शकत न्हाय."

मी सुनेला म्हणलं, "तुझं ते तीन तऱ्हेचं आमाला लावून दे."

रविवारी ती खोलीवर आली. आल्या आल्या तिनं विचारलं, "गिऱ्हाइकाशी बोलायला कुणाला आवडतं?" सगळ्या जणींनी माझ्याकडं बघितलं. एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या माहेरची माहिती मला दोन थांब्यांत कळते, हे गावाला ठाऊक आहे. म्हणून मी प्रॉडक्ट ओनर झाले. करणाऱ्यांत थोरली जाऊ पहिली, कारण भाकरीला तिच्यासारखा हात पंचक्रोशीत न्हाय. भाजणाऱ्या, वाळवणाऱ्या, पुडे बांधणाऱ्या, सगळ्या करणाऱ्यांतच.

राहिली स्क्रम मास्टर. मला वाटलं सून स्वतःच होईल. ती म्हणाली, "मी न्हाय. मी असले की तुम्ही माझ्याकडं बघून बोलाल." आणि तिनं मुरूमचीला पुढं केलं.

मुरूमची म्हणजे आमची शेजारीण. माहेर मुरूमचं, घरात अर्धी कानडी अर्धी मराठी, मला अव्वा, म्हणजे आई, म्हणते. बाई अशी की तिला राग आलेला कुणी बघितला न्हाय. भाकरी तिला साधारणच येते. जाऊबाईंनी लगेच विचारलं, "जिला धड थापता येत न्हाय ती आमच्यावर?"

"वर न्हाय हो आक्का," मुरूमची म्हणाली, "बाजूला."

काम लक्षात ठेवायला सुनेच्या ऑफिसात भिंतीवर चिठ्ठ्या लावतात. आमच्यातल्या सगळ्या जणींना वाचता येत न्हाय, म्हणून आम्ही बांबूच्या तीन दुरड्या मांडल्या. एक करायच्या कामांची, एक चालू कामांची, एक झालेल्या कामांची. पिठाचं काम म्हणून ज्वारीची पुरचुंडी, पुड्यांचं काम म्हणून प्लास्टिकची पिशवी, ढाब्याचं काम म्हणून एक जुनी चहाची कपबशी. काम हातात घेताना वस्तू उचलून मधल्या दुरडीत टाकायची आणि मोठ्यानं सांगायचं. मग पिठासाठी दोघी दोन दुकानांत जाणं थांबलं.

खरी गंमत स्टँडअपची. जाऊबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "म्या काय शाळंत हाय का उभं राहून बोलायला?" आणि बसून राहिल्या. बाकीच्या उभ्या. आमच्या गटात सासवाही आहेत आणि त्यांच्या सुनाही. मोठी बाई एकदा बोलली की मागून सगळ्या "तसंच" म्हणतात, ही आमची रीत. पहिल्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "कुठं काय अडलं न्हाय." मग काय, कुणाचंच अडलं न्हाय. सरपण ओलं होतं, तराजू बिघडला होता, पण अडलं मात्र कुणाचंच न्हाय.

मुरूमचीनं दुसऱ्या दिवशी एवढंच केलं, सुरुवात धाकटीपासून केली. सगळ्यांत तरुण आधी, सगळ्यांत थोरली शेवटी. धाकटी म्हणजे जाऊबाईंची सून. पुडे बांधायचं काम तिचं. ती पदर चाळवत बारक्या आवाजात म्हणाली, "तराजू चुकीचं दाखवतोय." जाऊबाई तोंड उघडायच्या आत मुरूमची पुढच्या बाईकडं वळली होती. थोरल्यांची पाळी येईपर्यंत सगळ्यांचं बोलून झालेलं. जाऊबाई मला म्हणाल्या, "धाकटे, ह्या बाईनं रीत उलटी केली गं." पण तराजू त्याच दिवशी दुरुस्तीला गेला.

आता माझं काम. गटात सगळ्यांचं म्हणणं पडलं की माल नवरात्रात काढायचा, हायवेला गर्दी असते. मी म्हणलं, नवरात्रात माणसं उपास धरतात, ज्वारीची भाकरी कोण घेणार? दसरा झाला की कर्नाटकातून माणसं पायी तुळजापूरला निघतात, कोजागिरीला आईच्या पायाशी पोचायला. ती आपल्याच दारावरून जातात. म्हणजे आधी ट्रकवाले, आणि दसऱ्यानंतर चालणारी माणसं. हे ठरवायचा हक्क माझा होता आणि सगळ्यांनी नुसतं "तसंच" न म्हणता चार प्रश्न विचारून मग मान्य केलं. मला बरं वाटलं.

पंधरवडा संपला. सुनेच्या भाषेत ह्याला स्प्रिंट म्हणतात, आणि स्प्रिंट संपला की झालेला माल गिऱ्हाइकाच्या हातात देऊन त्याचं ऐकायचं असतं. म्हणून आम्ही भाकरीचे पुडे घेऊन ढाब्यावर गेलो. जाताना जाऊबाईंनी तुपाची बरणी घेतली. मी खलबत्त्यात कुटलेला ठेचा घेतला. एकीनं दही लावलेलं. सगळ्या जणी धुतलेल्या लुगड्यांत, नीटनेटक्या. ढाब्यावर ट्रकवाले बाजांवर बसलेले. आम्ही पुडे फोडले, भाकरी ताटात मांडली, वर तूप, बाजूला ठेचा, दह्याची वाटी, आणि "घ्या बाबा, अजून घ्या" करत वाढलं.

ते बिचारे पोटभर जेवले. एकजण म्हणाला, "मावशी, घरची आठवण आली." दुसरा म्हणाला, "याच्यापरीस चांगलं काय असणार?" एकजण तर पाया पडला.

आम्ही वाजत गाजत परत आलो म्हणायचं. मी सुनेला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पुडा कुणी फोडला?"

"आमीच की. पाहुण्याला पुडा फोडायला लावतेत व्हय?"

"आणि तूप?"

"कोरडी भाकरी कुणाच्या म्होरं ठेवायची काय पद्धत हाय का आपल्यात?"

तिनं पदरानं तोंड दाबून घेतलं. हसू आवरल्यावर म्हणाली, "आत्या, ट्रकात तुम्ही असणार हाव का वाढायला?"

मला ते कळायला थोडा वेळ लागला. मग उलगडलं. आम्ही गिऱ्हाइकाला पाहुणा केलं होतं. आणि आमच्याकडं आईच्या वयाची बाई समोर उभी राहून तूप वाढत असताना कुठला माणूस म्हणेल, की तुमची भाकरी बरी न्हाय? उपाशी राहील पण म्हणणार न्हाय. गिऱ्हाइकाचं खरं आणायचं काम माझं, आणि मी जेवणावळ घालून आले होते.

दुसऱ्या दिवशी एकटीच ढाब्यावर गेले. मालकाला म्हणलं, "बाबा, हे पुडे बांधलेले तसेच दे. कुणी केले सांगू नको. हैदराबादला जाऊन परत येऊ देत त्यास्नी, मग तू विचार. आमाला न्हाय सांगायचं, तुला सांगू देत."

तो म्हणाला, "मावशी, मी ते काल सांगणारच होतो, पण तुम्ही एवढ्या खुशीत होत्या." आणि त्यानं एक चांगलं केलं. ट्रकवाले परत आले की त्यांचं बोलणं मोबाईलवर धरून ठेवलं आणि मला पाठवून दिलं.

ते आम्ही खोलीत सगळ्यांनी मिळून ऐकलं. मोबाईल पालथ्या परातीवर ठेवलेला.

पहिला म्हणाला, "चव झकास. पण ढाबा सोडून उमरग्यापर्यंत जाईस्तोवर निम्म्याचा चुरा."

दुसरा म्हणाला, "एका हातात स्टेरिंग, दुसऱ्या हातात ही परातीएवढी भाकरी. तोडायची कशानं, दातानं? सगळी मांडीवर सांडली."

तिसरा हैदराबादकडचा. "टेस्ट अच्छा है भई, पन पूरा चूरा हो गया. चम्मच से खाया मैं."

आणि चौथा एवढंच म्हणाला, "ही भाकरी न्हाय राव, भुस्सा हाय."

जाऊबाई उठल्या, हातावरचं पीठ झटकलं. "माझ्या भाकरीला भुस्सा म्हणतो. त्याच्या घरी कोण थापतं ते बघायला पाहिजे." आणि दाराकडं निघाल्या. त्या गेल्या असत्या तर त्यांच्या मागं निम्म्या जणी गेल्या असत्या, आणि कोजागिरीची वाट बघायलाच नको होती, खोलीत डंबेल आले असते.

मुरूमचीनं त्यांची समजूत काढली न्हाय, त्यांना अडवलंही न्हाय. दुरड्यांशेजारी उभी राहून नेहमीसारखी म्हणाली, "चला, आता कुणाचं कुठं अडलंय ते सांगा. धाकटीपासून."

जाऊबाईंची सून दारातच होती, सासूच्या वाटेत. तिच्याकडं बघूनच कळत होतं की तिला काहीतरी सांगायचंय. मुरूमची थांबून राहिली. ती थांबते तेव्हा अशी थांबते की समोरच्याला बोलावंच लागतं.

"फुगलेल्याच फुटतात," पोरगी म्हणाली.

"काय?" जाऊबाई.

"पुडा बांधताना बघते ना मी. ज्या टम्म फुगलेल्या असतात, त्याच आधी फुटतात. ज्या फुगल्या न्हाईत, त्या राहतात."

आता हे बाहेरच्याला समजायचं न्हाय. भाकरी फुगणं म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या बाईला विचारा. तव्यावरनं निखाऱ्यावर टाकली की भाकरी चेंडूसारखी फुगली पाहिजे. लग्न ठरवताना मुलीची फुगलेली भाकरी बघायची माणसं. न फुगलेली भाकरी बाई पाहुण्याच्या ताटात घालत न्हाय, स्वतः खाते. आणि जाऊबाईंची भाकरी न फुगलेली कुणी बघितली नव्हती. त्यांच्या सुनेनं त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुमचा जो मान आहे, तोच आपला माल मोडतोय.

मला वाटलं, आता ऐकायला मिळणार.

जाऊबाईंनी एक पुडा उचलून तिच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "दाखव."

पोरीनं पुडा फोडला. फुगलेल्या भाकरीचे दोन पदर सुटतात. वरचा पदर कागदासारखा पातळ. तो आधी तडकतो आणि मग सगळी भाकरी घेऊन जातो. जाऊबाईंनी एक तुकडा उचलला, उन्हाकडं धरला, बोटानं दाबला. मग चप्पल न घालता परत चुलीपाशी जाऊन बसल्या.

मी माझं काम केलं. म्हणलं, "गिऱ्हाइकाला एका हातात धरता येईल अशी पाहिजे. बशीएवढी. आणि हैदराबादपर्यंत अख्खी जायला पाहिजे."

"बशीएवढी? भातुकली मांडायची का आता?"

"मांडा. पण अख्खी पाहिजे. तर असं करा आक्का, पीठ जरा घट्ट मळा, आणि थापताना..."

"अव्वा," मुरूमची म्हणाली, "काय पाहिजे ते तुम्ही सांगितलं की. कसं करायचं ते आक्का बघतील. तुम्ही जरा ढाब्याकडं जाऊन या."

"ढाब्याकडं काय काम हाय माझं?"

"असंल की कायतरी."

सगळ्या जणी हसल्या. जाऊबाईसुद्धा, तोंड तव्याकडं करून. मी पदर सावरत बाहेर पडले. अडचण दूर करणं हे स्क्रम मास्टरचं काम, हे मला ठाऊक होतं. ती अडचण मी असेन एवढं लक्षात आलं नव्हतं.

म्हणून मी ढाबा सोडून एसटी स्टँडवर जाऊन बसले आणि माझा उद्योग केला, म्हणजे बोलले. उमरग्याकडून आलेल्या एका म्हातारीनं सांगितलं की पायी जाताना त्यांना पिशवीत जड काही नको असतं, आणि तिखट फार नको, तहान लागते. ते मी मनात धरून ठेवलं. पुढं त्यांच्यासाठी ठेच्याऐवजी शेंगाच्या चटणीची बारकी पुडी घालायचं ठरलं ते त्या म्हातारीमुळं.

चार-दोन दिवस मला चुलीजवळ फिरकू दिलं न्हाय. विचारलं की आतून आवाज यायचा, "झालं की बोलवू." आणि झालं म्हणजे काय, तेही त्यांनीच ठरवून टाकलेलं. आमच्याकडं "झालंच" म्हणजे अजून सुरू व्हायचंय असा अर्थ असतो. ह्यांनी नेम घातला. पुडा बांधायचा, माझ्या सुनेच्या स्कूटीच्या डिकीत टाकायचा, रानाच्या खडबडीत वाटेनं विहिरीपर्यंत नेऊन आणायचा, आणि सगळ्यांसमोर फोडायचा. एकही भाकरी मोडली असेल तर काम परत मधल्या दुरडीत. किती वेळा ते मधल्या दुरडीत परत गेलं, ते मला नंतर कळलं. माझ्या सुनेची कंबर धरली होती त्यापायी.

मग एक दिवस बोलावणं आलं. जाऊबाईंनी माझ्या हातावर एक भाकरी ठेवली. बशीएवढी, सपाट, अंगावर बोटांच्या टोकांचे बारीक खळगे. थापतानाच बोटं टोचून त्यांनी वाफेला वाट करून दिली होती, आणि तव्यावर फडक्यानं दाबून दाबून भाजली होती. पदर सुटायचं नावच न्हाय.

"सगळा जल्म फुगवण्यात गेला," त्या म्हणाल्या. "न फुगवायला त्याच्याहून जास्त हात लागतो, धाकटे. ही सटवी," आपल्या सुनेकडं मान हलवून, "रोज फोडून दाखवायची मला. अजून जरा फुगली म्हणायची."

सून पुडे बांधत होती. मान खाली, पण गाल वर आलेले दिसत होते.

मी भाकरी दातानं मोडली. टक्कन आवाज झाला आणि मोडलेला तुकडा तेवढाच हातात राहिला. खाली कण पडला न्हाय.

पुडे ढाब्यावर गेले. आम्ही कुणीच बरोबर गेलो न्हाय, तूप तर न्हायच न्हाय. दोन दिवसांनी मोबाईलवर आवाज आले. तोच भुस्सा म्हणणारा ट्रकवाला होता. म्हणाला, "हैदराबादला पोचलो तर दोन उरल्या होत्या. अख्ख्या. घरी बायकोनं खाल्ल्या. अजून हायेत का?"

जाऊबाईंनी तो आवाज परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

दसरा झाला आणि हायवे माणसांनी भरला. पायी, अनवाणी, डोक्यावर गाठोडं, आईच्या नावाचा गजर. आमच्या बारक्या भाकऱ्या त्यांच्या पिशवीत बसायच्या. ढाब्यावरचा रॅक सकाळी भरला की दुपारी रिकामा. मालकाचा फोन आला, "मावशी, दुप्पट पाठवा. तिप्पट पाठवा." आधीची मी असते तर हो म्हणून मोकळी झाले असते आणि बायकांना रात्रभर जागवलं असतं. मी फोन हातानं झाकला आणि खोलीत विचारलं, "किती होईल?" त्यांनी आपसात बोलून सांगितलं, दुप्पट होईल, तिप्पट न्हाय, तिप्पट केलं तर खळगे नीट पडायचे न्हाईत. मी मालकाला म्हणलं, "दुप्पट." त्यानं कुरकुर केली आणि दुप्पट घेतले. वर दुसऱ्या दिवशी जळकोटच्या दोन दुकानदारांना आपल्या तोंडानं सांगितलं की ह्या बायका दिलेल्या वेळेला माल देतात.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी सरपंच आले. मागं व्यायामशाळेची पोरं, एकाच्या हातात तर मोजपट्टी. आत स्टँडअप चाललेली. धाकटीचं बोलून झालेलं, भाजणारीचं चाललेलं. भिंतीला पुड्यांची थप्पी, दारात ढाब्याचा टेम्पो उभा. सरपंच उंबऱ्यात थांबून बघत राहिले. पोरांतला एकजण हळूच म्हणाला, "आपण शाळेच्या व्हरांड्यात करू की व्यायाम." मोजपट्टी त्याच्या खिशात गेली.

सरपंच म्हणाले, "काकू, खोली तुमचीच. येत्या बैठकीत तसा ठराव करून देतो. लाईटचं मीटरपण गटाच्या नावावर करू." आणि ते बोलत बोलत आत यायला निघाले.

जाऊबाई तव्यावरची भाकरी फडक्यानं दाबत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चपला बाहेर काढा."

सरपंच थांबले. वाकले, चपला काढून भिंतीकडेला ठेवल्या आणि आत आले. त्यांच्या मागं पोरांनीही बूट काढले. पंचायतीच्या त्या खोलीत सरपंच अनवाणी उभे होते. मुरूमचीनं त्यांना एका बाजूला सरकायला सांगितलं आणि पुढच्या बाईला विचारलं, "तुमचं काय अडलंय?"